ग्रीन कार्डधारक व्यापाऱ्याने बाहेरच्या दिवसांचा हिशेब कसा ठेवावा?

अमेरिकेत नागरिक झालेला भाऊ किंवा बहीण आपल्या भावंडांसाठी अर्ज करते. त्यानंतर वर्षानुवर्षे नंबर लागत नाही आणि ग्रीन कार्ड हाती येते तेव्हा माणूस पन्नाशीला टेकलेला असतो. भिवंडीतले माग, मुंबईतले दुकान, कारागिरांना दिलेली उचल, बाजारातली उधारी हे सर्व इथेच असते. नोकरदार माणूस सामान बांधून जातो आणि तिथलाच होतो. व्यापाऱ्याचे तसे नसते. चार महिने तिकडे, आठ महिने इकडे अशा त्याच्या फेऱ्या सुरू होतात. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसल्यावर त्याला कळते की कार्ड शाबूत आहे, पण वर्षे मोजली गेलेली नाहीत.

या गोंधळामागे आखाताची सवयही आहे. संयुक्त अरब अमिरातीत सर्वसाधारण निवासी व्हिसाधारक सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिला तर त्याचा व्हिसा जातो. म्हणून सहा महिन्यांच्या आत एक फेरी मारून शिक्का घ्यायचा, हे आपल्या लोकांच्या अंगवळणी पडले आहे. तिथे नागरिकत्वाचा प्रश्न सहसा नसतोच, त्यामुळे तेवढ्यावर भागते. अमेरिकेत मात्र एकाच माणसाची तीन खाती चालू असतात आणि एका खात्यातली जमा दुसऱ्यात धरली जात नाही.

पहिले खाते कार्डाचे. सहा महिन्यांतून एकदा विमानतळावर तोंड दाखवले की कार्ड टिकते, हा समज खरा नाही. माणसाचे कायमचे बिऱ्हाड अमेरिकेत आहे की तो तिथे पाहुण्यासारखा येतो, हे अधिकारी पाहतो. दोन आठवडे तिकडे आणि साडेपाच महिने इकडे असा क्रम सतत चालला तर बिऱ्हाड मोडल्याचा ठपका येऊ शकतो. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर नुसते कार्ड परतीला पुरत नाही. त्यासाठी आय-१३१ या अर्जावर री-एन्ट्री परमिट मिळते. तो अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो आणि परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचे असते. ते नसेल तर वकिलातीकडे परतणाऱ्या रहिवाशाचा खास व्हिसा मागावा लागतो. तो मिळवणे सोपे नाही.

दुसरे खाते सलग निवासाचे, आणि व्यापाऱ्याचे नुकसान बहुधा याच ठिकाणी होते. १९५२ च्या कायद्याच्या कलम ३१६ प्रमाणे अर्जापूर्वी कायम रहिवासी म्हणून पाच वर्षांचा सलग निवास हवा. एखादी फेरी सहा महिन्यांपेक्षा जास्त पण एक वर्षापेक्षा कमी असेल तर निवास तुटला असे गृहीत धरले जाते. ते गृहीत खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदाराची. अमेरिकेतली नोकरी सोडली नव्हती, बायको-मुले तिकडेच होती, घर ताब्यात होते, बाहेर नवी नोकरी धरली नव्हती, असे पुरावे चालतात. वालिदा आजारी होत्या, भागीदाराशी वाद झाला, मुलीचे लग्न होते, ही कारणे खरीच असतात. पण कारण सांगून भागत नाही, मागे काय ठेवून गेलात ते दाखवावे लागते. व्यापाऱ्याची बाजू इथेच लंगडी पडते. त्या आठ महिन्यांत तो इथल्या गल्ल्यावर बसलेला असतो आणि तिकडे मुलाच्या घरातली एक खोली एवढेच त्याच्या नावे सांगण्यासारखे असते. भाडेकराराची, विम्याची, बँकेची कागदपत्रे स्वतःच्या नावावर असलेली बरी.

फेरी एक वर्ष किंवा त्याहून लांबली तर मात्र सलग निवास तुटतोच. इथे री-एन्ट्री परमिट उपयोगी पडत नाही. हे वाक्य पुन्हा वाचावे, कारण एजंट मंडळी नेमके हेच सांगत नाहीत. परमिट परतीचा दरवाजा उघडा ठेवते, नागरिकत्वाची वर्षे राखत नाही.

समजा, एका कापड व्यापाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये कार्ड मिळाले. तो परमिट घेऊन १ फेब्रुवारी २०२३ रोजी निघाला आणि १ एप्रिल २०२४ रोजी परतला. हे चौदा महिने नसते तर जानेवारी २०२६ मध्ये त्याची पाच वर्षे भरली असती. आता परतल्यापासून चार वर्षे व एक दिवस झाल्यावर, म्हणजे एप्रिल २०२८ मध्ये, त्याला अर्ज करता येईल. तेव्हाही मागच्या पाच वर्षांत जवळपास एक वर्षाची गैरहजेरी दिसते, म्हणून निवास तुटल्याचे गृहीत खोडावेच लागेल. ते टाळायचे तर आणखी सहा महिने थांबून ऑक्टोबर २०२८ गाठावा. चौदा महिन्यांची किंमत पावणेतीन वर्षे झाली.

तिसरे खाते प्रत्यक्ष हजेरीचे. पाच वर्षांपैकी निदान तीस महिने, म्हणजे ९१३ दिवस, अंगाने अमेरिकेत असले पाहिजे. निघण्याचा आणि पोहोचण्याचा दिवस हजेरीत धरतात. दरवर्षी १५० दिवसांची एक फेरी केली तर पाच वर्षांत ७५० दिवस बाहेर, १,०७६ दिवस आत, म्हणजे हजेरी भरली. दरवर्षी शंभर-शंभर दिवसांच्या दोन फेऱ्या केल्या तर एकही फेरी सहा महिन्यांच्या जवळपास नाही, तरीही १,००० दिवस बाहेर आणि ८२६ आत. अर्ज नामंजूर. हजला गेलेले दिवस, माल पाहायला दुबई किंवा चीनला गेलेले दिवस, सगळे बाहेरचेच. कारण चांगले म्हणून दिवस परत मिळत नाहीत.

अमेरिकी नागरिकाशी लग्न होऊन तीन वर्षे त्याच्यासोबत राहिलेल्यांना पाचऐवजी तीन वर्षे आणि ५४८ दिवस पुरतात. अमेरिकी कंपनीने परदेशी व्यापारासाठी बाहेर पाठवले असेल तर एन-४७० अर्जाने सलग निवास वाचवता येतो. त्यासाठी कार्ड मिळाल्यावर आधी एक वर्ष अखंड अमेरिकेत काढलेले हवे. स्वतःच्या भारतातील पेढीसाठी ही सवलत नाही, आणि खाजगी कंपनीच्या माणसाची हजेरीही माफ होत नाही.

कराबाबत एक सावधानता. ग्रीन कार्डधारकाने जगभरचे उत्पन्न अमेरिकेत दाखवायचे असते. इथल्या दुकानाचा नफा वाचवण्यासाठी कुणी तिथल्या विवरणपत्रात स्वतःला अनिवासी लिहितो. तीच नोंद पुढे त्याने निवास सोडल्याचा पुरावा म्हणून त्याच्यासमोर येते. वाचलेल्या कराच्या मानाने हा सौदा फार महाग आहे.

एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जात पाच वर्षांतील चोवीस तासांहून लांब प्रत्येक फेरी लिहावी लागते. रोजमेळ लिहिणाऱ्याला हे जड जाऊ नये. एक वही करून निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, देश आणि कारण त्याच दिवशी टिपावे. जुने पासपोर्ट जपून ठेवावेत, शिक्के पुसट होतात. आठवत नाही म्हणून एखादी फेरी गाळू नये, कारण ये-जा त्यांच्या संगणकात असते आणि शपथेवर खोटे बोलल्याचे सिद्ध झाले तर अर्ज त्याच मुद्द्यावर नामंजूर होतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. नागरिक झाल्यावर बाहेर राहण्याची मुदत संपते. ज्याला मोकळेपणाने दोन्हीकडे धंदा करायचा आहे, त्यालाच आधी पाच वर्षे पाय बांधून घ्यावे लागतात. मात्र आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचे नागरिकत्व जाते, पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्डावर येथे राहता व व्यापार करता येतो, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कोकणात जमिनीचा बेत असणाऱ्यांनी हे आधीच पाहावे. पुढे परत भारतीय व्हायचे ठरवले तर ओसीआय म्हणून पाच वर्षे झालेली असावी लागतात आणि अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात काढावे लागतात. त्या बारा महिन्यांत खास कारणासाठी तीस दिवसांपर्यंतची सूट २०१५ च्या दुरुस्तीने ठेवली आहे.

पाच वर्षे पुरी होण्याच्या नव्वद दिवस आधीपासून एन-४०० भरता येतो. ज्या राज्यातून अर्ज करायचा तिथे तीन महिने राहिलेले असावे. अर्ज भरला म्हणजे मोकळे झालो, असे समजून लगेच लांबच्या फेरीला निघू नये. सलग निवास शपथ घेईपर्यंत टिकावा लागतो, आणि मुलाखतीची तारीख येते तेव्हा आपण भिवंडीत असलो तर फाईल तिथेच अडते.