पत्राचं राहू दे, फाईल काढ

पुण्याच्या एएफएमसीहून, त्या फौजी मेडिकल कॉलेजातून येऊन तीन दिवस झाले, पण तू अजून त्या मुलाखतीच्या खोलीतच बसलीयेस. काल मेहरूण तलावावर चालताना हळूच विचारलंस, "ताई, एएफएमसीला एक पत्र टाकू का? मला घेतलंत तर मी दुसरीकडे कुठेच जाणार नाही, असं?" आजूबाजूला माणसं होती म्हणून मी नुसतं 'बघू' म्हटलं. आता नीट सांगते. नको टाकूस गं.

ही कल्पना कुठून आली तेही मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या मावसबहिणीने लिहिलं होतं ना! तिकडे प्रत्येक कॉलेजची समिती स्वतः मुलं निवडते आणि मुलाखतीनंतर महिनोन्‌महिने ताटकळत ठेवते. मग मुलं एका, फक्त एकाच कॉलेजला कळवतात की तुम्ही घेतलंत तर मी येणारच. काठावरच्या मुलाला त्याचा कधीमधी उपयोग होतो. पण बघ, तिथेही काही कॉलेजं आधीच बजावतात की आम्हाला काही पाठवू नका.

आपल्याकडचं गणित वेगळं. 2016 पासून नीट सक्तीची झाली आणि सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची गांधीविचारांच्या पेपरसकटची वेगळी परीक्षासुद्धा पुढे बंद पडली. महाराष्ट्रात एमबीबीएससाठी मुलाखत म्हटली की पुण्याची एएफएमसीच. तिथे नीट आणि ती इंग्रजी-तर्काची परीक्षा मिळून 200, मुलाखत 50. बेरीज 250 ची, शिवाय वैद्यकीय तपासणी. आता सांग, या बेरजेत तुझ्या पत्राचा रकाना कुठला? गेली कित्येक वर्षं तिथे मुलींना 30 जागा आहेत. त्यातली एखादी दुसरीकडे गेली तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणं जातं. जिचं पत्र सुंदर तिला नाही.

आणि इरादा म्हणशील, तर तिथे तो कागदावरच घेतात गं. शिक्षण झाल्यावर सैन्यदलांत डॉक्टर म्हणून नोकरी करायची, असा बाँडच लिहून द्यावा लागतो. त्यापुढे तुझ्या दोन पानांचं काय मोल? त्यापेक्षा तो बाँड आईपप्पांबरोबर बसून नीट वाच. लग्न, पुढचं शिक्षण, बदल्या, सगळं आत्ताच बोलून घ्या. बोलावणं आल्यावर घरात रडारड नको.

खरं सांगू का, मीही असं पत्र लिहिलं होतं. बारावीनंतर, एका कॉलेजच्या डीनना, चांगलं चार पानी. लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ आहे, असं ठोकून दिलं. प्रत्यक्षात बोटाला सुई टोचली तरी मला भोवळ यायची! अक्षर सुवाच्य यावं म्हणून तीनदा उतरवून काढलं आणि त्या नादात नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत 31 मार्चलाच संपलीये, हे बघितलंच नाही. मग नव्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत दोन दिवस. आई डबा घेऊन आली होती. कळण्याची भाकरी रडत रडत खाल्ली आणि ठेचा तिखट होता असं सगळ्यांना सांगितलं. पत्राचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

म्हणून सांगते, पुण्याची वाट बघताना राज्याच्या प्रवेशफेऱ्या सोडू नकोस. सीईटी सेल फक्त तुझा पसंतीक्रम बघते, तर तो मनापासून लाव. शेजारच्या काकूंना ऐकायला बरं वाटावं म्हणून लांबचं नाव वर टाकू नकोस. वरचं मिळालं की खालचं आपोआप सुटतं, मग 'मला जळगावच हवं होतं' म्हणून उपयोग नाही. आपलं जळगावचं शासकीय मेडिकल कॉलेज 2018 ला सुरू झालं, 150 जागा आहेत, घरचा डबा आहे. धुळ्याचं हिरे कॉलेज जुनं, जाणतं. नंदुरबारही आहे. प्रवेश मिळाला तर घे. फक्त 'स्टेटस रिटेन्शन'च्या फॉर्मवर घाईने सही करू नकोस. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून तू बाहेर. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, ग्रुपवरचे मेसेज नव्हे. मूळ कागद कॉलेजात जमा होतात, तेव्हा पुण्याचं बोलावणं आलं तर ते परत कसे मिळतील, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून घे.

आणि पप्पांना सांग, 'आपला माणूस आहे, सीट करून देतो' म्हणणाऱ्याला चहा द्यायचा, पैसे नाही.

तू घाबरलीयेस, दिसतं मला. पण नीटचा अभ्यास करून, महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जाऊन, फौजी अधिकाऱ्यांसमोर बसून आलेली मुलगी आहेस तू. मी तर तुझ्या वयात एकटी भुसावळलाही गेले नव्हते.

उद्या सकाळी दहाला येते. डोमिसाईल, बारावीची गुणपत्रिका, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, सगळं पलंगावर मांडून ठेव, प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स काढू. आणि ते पत्र लिहून झालंच असेल तर मला दे. मी वाचते.