मोबाईलच्या लहरी आणि १.६ चा आकडा



गटात फिरताना तोडीच्या तक्रारींबरोबर हल्ली टॉवरची तक्रारही आमच्या कानी येते. "साहेब, लहरींनी माणूस आजारी पडतो, टॉवर लांब घालवा." काळजी रास्त आहे, पण हिशोब थोडा निराळा आहे.

टॉवर दूर असतो, फोन मात्र कानाला चिकटलेला. टॉवर लांब गेला की रेंज पडते आणि फोन जास्त जोराने लहरी सोडू लागतो. भर उसात रेंजची एकच कांडी (उसाची नव्हे!) असताना केलेला फोन म्हणूनच जास्त तापतो.

शरीरात शोषल्या जाणाऱ्या या शक्तीला सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा घातली आहे. कोणत्याही १ ग्रॅम भागाची सरासरी, किलोमागे १.६ वॅट. ही तपासणी फोन पूर्ण जोरावर चालवून होते. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश ही बटणे दाबली की बहुतेक फोनवर आकडा दिसतो. बिलाविना बाजारात घेतलेल्या बनावट फोनची अशी तपासणी झालीच असेल याची खात्री नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातल्या. म्हणजे पुरावा मर्यादित आहे, पण अगदीच सोडून देण्यासारखा नाही.

मुकादमाशी लांबलचक बोलायचे तर बांधावर, रेंजमध्ये येऊन, स्पीकर लावून बोलावे. मफलरीत फोन खोचून ट्रॅक्टर चालवीत बोलणे मात्र आम्हांस मुळीच पसंत नाही.