खुराखालची पत्री

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की कागल, बिद्री, कुडित्रे, वारणानगर अशा कारखान्यांच्या वाटांवर उसाच्या बैलगाड्या दिसू लागतात. ट्रॅक्टर आणि ट्रक आले, तरी या गाड्या अजून आहेत. अशी गाडी डांबरी रस्त्यावरून जात असताना डोळे मिटून ऐका. खट्, खट् असा लोखंडाचा आवाज येतो. गाडीची चाके तर रबरी टायरची! मग हा आवाज कशाचा?

हा आवाज बैलाच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचा. घोड्याचे खूर अखंड असते, म्हणून त्याला एका पायाला एकच नाल लागतो. बैलाचे खूर दुभंगलेले असते. त्याच्या दोन नख्यांना दोन वेगळ्या पत्र्या लागतात. चारही पायांना पत्र्या मारायच्या, तर त्या आठ होतात.

शेतात औत ओढणाऱ्या बैलाला बहुधा पत्रीची गरज नसते. मग उसाच्या गाडीच्या बैलाला ती का लागते? पत्री कशी निवडतात? ती बसवताना काय जपावे लागते? पाहू या.

वाढ आणि झीज

खुराचे बाहेरचे कवच केराटिन नावाच्या पदार्थाचे असते. आपली नखे आणि केस याच पदार्थाचे बनतात. या कवचात मज्जातंतू नसतात, म्हणून ते तासले तरी दुखत नाही. त्याच्या आत मात्र रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी भरलेला नाजूक भाग असतो. तळव्याचे कवच सेंटिमीटरभरही जाड नसते. जनावराचे सारे संरक्षण तेवढ्यावर असते.

कवच महिन्याला सुमारे ५ मि. मी. वाढते, म्हणजे दिवसाला साधारण ०·१७ मि. मी. मऊ मातीत झीज आणि वाढ यांचा मेळ बसतो. डांबरी रस्ता मात्र कानशीसारखा खरखरीत. समजा, तेथे रोज ०·२५ मि. मी. झीज झाली, तर दररोज ०·०८ मि. मी. तूट येईल. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण ६० दिवसांत ही तूट जवळजवळ ५ मि. मी. होते! तळवा पातळ होतो, खडा टोचू लागतो आणि बैल लंगडतो. हंगामाच्या मध्यावर बैल बसला, की गाडीवानाच्या कुटुंबाची कमाईही थांबते.

पत्रीचे पहिले काम म्हणजे खुराऐवजी स्वतः झिजणे. झिजलेली पत्री बदलता येते. झिजलेला तळवा बदलता येत नाही.

दाबाचे गणित

दुसरे काम दाब वाटून देण्याचे. बैलाचे वजन ४०० किलोग्रॅम धरा आणि सोपेपणासाठी प्रत्येक पायावर १०० किलोग्रॅम भार माना. खुराचे टेकणारे क्षेत्रफळ ५० चौ. सें. मी. असेल, तर दर चौ. सें. मी.वर २ किलोग्रॅम भार येतो. आता खुराखाली १ चौ. सें. मी.चा खडा आला आणि निम्मा भार त्यावर पडला, तर त्या जागी ५० किलोग्रॅम, म्हणजे पंचवीसपट! पत्री असली, की खड्याचा हा जोर प्रथम लोखंडावर येतो आणि तेथून खुराच्या रुंद भागावर पसरतो.

पत्री कशी निवडावी?

पत्री जितकी जाड तितकी चांगली, असे तुम्ही म्हणाल. पण पायाच्या टोकाला बांधलेले वजन दर पावलाला उचलावे आणि पुढे फेकावे लागते. बैलाचे एक खूर दर दीड मीटरला एकदा टेकते असे धरा. १० किलोमीटरच्या वाटेवर ते सहा हजारांहून अधिक वेळा उचलले जाईल. म्हणून जाड पत्रीने बैल थकतो, तर अगदी पातळ पत्री लवकर झिजते आणि वाकते. यांतला मध्य साधावा लागतो.

मग अधिक कठीण पोलाद का वापरू नये? रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज धातुशास्त्रज्ञाने १८८२ साली मँगेनीज मिसळून असे पोलाद तयार केले, की ते आघाताने अधिकच कठीण होते. रेल्वेच्या सांध्यांसाठी आणि खडी फोडणाऱ्या यंत्रांच्या जबड्यांसाठी ते उत्तम ठरले. परंतु त्याला भोके पाडणे व आकार देणे फार अवघड. पत्री तर प्रत्येक नखीच्या आकाराप्रमाणे ऐरणीवर ठोकून वळवावी लागते. म्हणून तेथे मऊ पोलादच सोयीचे.

तिसरा मुद्दा घर्षणाचा. थंड देशांत बर्फावर धावणारी स्नोमोबाइल नावाची मोटारगाडी असते. बर्फाखालच्या दगडांनी तिचे पोट फुटू नये, म्हणून खाली संरक्षक पत्रा बसवतात. तो पुष्कळदा जाड पॉलिएथिलीन प्लॅस्टिकचा असतो, कारण गाडी दगडावरून सहज घसरून जावी, हीच तेथे अपेक्षा. बैलाचे उलट आहे. त्याला ओढण्यासाठी पाय रोवावा लागतो. गुळगुळीत लोखंड ओल्या डांबरावर घसरते. खिळ्यांची थोडी वर आलेली डोकी पकड देतात. ती झिजून सपाट झाली, की उतारावर बैल जपून हाकावा लागतो.

बसवण्याची रीत

बैलाला कासऱ्याने सांभाळून निजवतात व पाय बांधतात. खूर स्वच्छ करून उंचसखल भाग बेताने तासतात. मग पत्री खुराशी जुळवून पाहतात. खुरापेक्षा लहान पत्री बसवली, तर खुराची कड फुटते; मोठी बसवली, तर ती दुसऱ्या पायाला अडकते. येथे नियम एकच : पत्री खुराप्रमाणे वळवावी, पत्रीसाठी खूर कापू नये.

सर्वांत नाजूक काम खिळ्यांचे. तळवा आणि बाजूची भिंत जुळते तेथे फिकट पांढरी रेघ दिसते. खिळा या रेघेच्या आसपास शिरून भिंतीतून बाहेर निघाला पाहिजे. तो आत वळला, तर जिवंत भागात घुसतो. बैलाच्या खुराची भिंत घोड्यापेक्षा पातळ, म्हणून खिळेही बारीक लागतात. दोन नख्यांमधल्या बाजूची आणि टाचेकडची भिंत आणखी पातळ असते, म्हणून तेथे खिळे मारत नाहीत. बाहेर आलेली टोके तोडून वळवतात आणि कानशीने साफ करतात.

शेवटी बैलाला चालवून पाहतात. तो लंगडला, तर खिळा लगेच काढून पशुवैद्यकाला दाखवावे. जखमेतून धनुर्वातही होऊ शकतो.

एकदा बसवलेली पत्री कायमची नसते. खूर वाढते, खिळे सैल होतात, पत्री जागेवरून सरकते. म्हणून ती वेळोवेळी काढून खूर तासून पुन्हा बसवावी लागते.

करून पाहा

लाकडाचे दोन सारखे ठोकळे घ्या. शिक्षकांच्या मदतीने एकाच्या तळाला पत्रा बसवा. कडा धारदार असतात, हात जपा. दोन्ही ठोकळे वजन करून, सारखाच भार ठेवून, खरखरीत फरशीवर दोनशे वेळा घासा आणि पुन्हा वजन करा. कोणाची झीज अधिक झाली?

नंतर दोन्ही ठोकळे फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. कोणता आधी घसरतो? फळी ओली करून हाच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही प्रयोगांची उत्तरे शेजारी शेजारी लिहा आणि ठरवा : पत्रीने बैलाला काय दिले, आणि त्याच्याकडून काय घेतले?