उपोसथाचा दिवस आणि साखरेचा आजार



गेल्या पौर्णिमेला टेंभुर्णीत संध्याकाळच्या वंदनेला बसलेल्या एका ताईंना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. अष्टशील घेतल्याने दुपारी बारानंतर त्या जेवल्या नव्हत्या; इन्सुलिन मात्र रोजच्यासारखं घेतलं होतं. साखरपाणी दिल्यावर सावरल्या. असं का झालं?

भाकरी-भाताची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. सगळी लगेच खर्च होत नाही. उरलेली यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते. त्याहून जास्त झाली की चरबी होते. यकृत म्हणजे घरावरची टाकी, चरबी म्हणजे आपलं उजनी धरण. टाकीत साधारण १०० ग्रॅमच ग्लायकोजेन मावतं, पण रात्रभर मेंदूला साखर मुख्यतः तिथूनच मिळते. टाकी उतरू लागली की शरीर धरणातली चरबी जास्त वापरतं. म्हणून धडधाकट माणसाने एक रात्रीचं जेवण टाळलं तरी सहसा बिघडत नाही.

इन्सुलिन रक्तातली साखर साठ्याकडे वळवतं आणि टाकीचा नळही बंद करतं. वरून जेवण नाही, खालून नळ बंद; मग रक्तातली साखर ७० च्या खाली जाते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही हेच होऊ शकतं.

घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणं दिसलं, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा द्या. बरं वाटलं की जेवू घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवून १०८ ला फोन करा.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी संध्याकाळचं जेवण टाळू नये. औषधही मनाने बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावं.

यात शील मोडत नाही. तथागतांनी आजारी भिक्खूंना मध, गूळ, तूप औषध म्हणून घ्यायला परवानगी दिली होती. स्वतः कठोर तप सोडून सुजाताची खीर स्वीकारली. बाबासाहेबांनाही मधुमेहाचा त्रास होता. पुढच्या पौर्णिमेला विहारात साखरेचा डबा जरूर ठेवा.

नमो बुद्धाय!