सेवाग्रामची शाळा : हात, हिशेब आणि विद्या

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या उमरखेडात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : "गुण किती मिळाले?" हा प्रश्न वावगा नाही. पुढील वर्गाची वाट गुणांवरूनच जाते, हे आम्हीही जाणतो. परंतु त्याच्याच जोडीचा दुसरा एक प्रश्न आहे, तो फारसा कोणी विचारीत नाही. "ह्या वर्षात तुला काय करता येऊ लागले?" हाच प्रश्न मुख्य मानून चाललेली एक शाळा आपल्या विदर्भातच, वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे होऊन गेली. तिची दिनचर्या कशी होती आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले, हे विद्यार्थिमित्रांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहो.

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस वर्धा येथील मारवाडी विद्यालयात देशातील शिक्षणतज्ज्ञांची एक परिषद भरली. तिचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. मुलांस मातृभाषेतून शिकवावे, सात वर्षांचे शिक्षण सक्तीचे व मोफत असावे, आणि ते एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले असावे, असे ठराव तेथे झाले. अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. हेच गृहस्थ पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. १९३८ साली हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला व आर्यनायकम् आणि आशादेवी ह्या दांपत्याने सेवाग्रामात काम हाती घेतले. त्या वेळी आपले उमरखेडही त्याच मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे. ह्या शिक्षणाला 'नई तालीम' किंवा 'बुनियादी शिक्षण' असे नाव पडले.

ही शाळा स्वतंत्र होती, ती दोन अर्थांनी. तिचा अभ्यासक्रम प्रचलित परीक्षेच्या साच्यातून काढलेला नव्हता. आणि मुलांच्या श्रमाने शाळेच्या खर्चाचा काही भार उचलावा, अशी तिची आकांक्षा होती. झाकिर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या दिवसाचे जे वेळापत्रक सुचविले होते, ते पाहण्याजोगे आहे. हस्तव्यवसायास ३ तास २० मिनिटे; संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे; मातृभाषेस ४० मिनिटे; समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ह्यांस ३० मिनिटे; व्यायामास १० मिनिटे आणि मधली सुटी १० मिनिटे. गणितास इतका थोडा वेळ पाहून पालकांच्या कपाळाला आठी पडेल. परंतु गणित त्या ४० मिनिटांत संपत नसे. ते हस्तव्यवसायाच्या तासातच शिरलेले असे.

ते कसे, हे एका उदाहरणाने पाहू. कापूस हे आपल्या जिल्ह्याचे परिचित पीक आहे. सेवाग्रामचा मुलगा कापूस घेई, सरकी काढी, पिंजून पेळू करी, आणि तकलीवर किंवा चरख्यावर सूत काती. काढलेले सूत फाळक्यावर गुंडाळावयाचे. फाळक्याचा एक वेढा ४ फुटांचा, त्याला एक 'तार' म्हणत. १६० तारांची एक लटी व चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. आता गुंडीची लांबी किती? ६४० गुणिले ४, म्हणजे २५६० फूट, अर्थात ८५३ वार १ फूट. गिरणीच्या हिशेबात ८४० वारांची एक लड धरतात, आणि एका पौंडात जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. तेव्हा २० नंबरचे एक पौंड सूत म्हणजे १६,८०० वार, साडेनऊ मैलांहून अधिक लांब धागा! गुणाकार, भागाकार, सरासरी व त्रैराशिक ही सर्व येथे आली. आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर न सापडता तराजूत सापडले. सूत वारंवार तुटले, तर कापसाचा धागा आखूड का, हवा कोरडी असता काय होते, कोणत्या वाणाचा कापूस चांगला, असे प्रश्न ओघानेच निघत. तेथून वनस्पतिशास्त्र व भूगोल दूर नव्हते.

सूतकताईखेरीज शेती, बाग, गोठा, स्वयंपाकघर व सफाई ही कामेही विद्यार्थी आळीपाळीने करीत. आपल्यापैकीच काहींना ते निरनिराळ्या खात्यांचे मंत्री निवडीत, आणि मंत्र्याने आपल्या कामाचा अहवाल सर्वांसमोर ठेवावा लागे. धान्य किती आले, किती लागले, उरले किती, ह्याची टाचणे मुलेच ठेवीत. संडासाची सफाई कोण्या एका जातीने करावयाची, ही पिढ्यान्पिढ्यांची रूढी तेथे पहिल्याच पावलाशी मोडली गेली. सर्वांनी सफाई करावयाची व मैल्याचे खत करून ते शेतात घालावयाचे, असा तेथील परिपाठ होता. समतेवर व्याख्यान देणे सोपे. झाडू हाती घेणे अवघड. त्या मुलांस दुसरा धडा आधी मिळाला.

अशा शाळेतून विद्यार्थी कसे निघाले, असे कोणी विचारील. एकच उदाहरण देतो. १९५० साली वर्ध्यास जन्मलेले डॉ. अभय बंग हे बालपणी ह्याच शाळेत शिकले. त्यांनी आपल्या शाळेच्या आठवणी सांगितल्या आहेत. गाईंना पाणी पिण्यासाठी टाकी बांधावयाची, तर ती केवढी असावी, हे ठरविताना ते घनफळ शिकले. आणि ठराविक पैशांत रुचकर व पौष्टिक जेवण कसे द्यावे, हे स्वयंपाकघराची पाळी सांभाळताना आहारशास्त्र शिकले. पुढे ते डॉक्टर झाले व पत्नी डॉ. राणी बंग ह्यांच्यासह गडचिरोली जिल्ह्यात कामास लागले. गावातल्याच स्त्रियांस नवजात बालकांचे वजन घेणे, श्वास मोजणे, आजार ओळखणे व नोंद ठेवणे त्यांनी शिकविले. ३९ गावांतील ह्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली भारत सरकारने ही घरोघरच्या बाळसेवेची पद्धत देशभर स्वीकारली. आज खेड्यापाड्यांत आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन तान्ह्या मुलाचे वजन करतात, त्या पद्धतीचे मूळ ह्या प्रयोगात आहे. हे सर्व केवळ एका शाळेमुळे घडले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु प्रत्यक्ष गरजेपासून आरंभ करावा, मोजावे, टिपून ठेवावे आणि मग निष्कर्ष काढावा, ही रीत त्या टाकीच्या गणिताचीच नव्हे काय?

तथापि दुसरी बाजू सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही. उत्पन्नाच्या नादात शिक्षण बाजूस पडेल, हा धोका समितीने आपल्या अहवालातच बोलून दाखविला होता. शिवाय शिक्षक जर कल्पक नसेल, तर तकली हे नुसते फिरणारे लाकूड उरते. पुष्कळ ठिकाणच्या बुनियादी शाळांत तसे घडलेही. आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे, ह्या शिक्षणाच्या प्रमाणपत्राने महाविद्यालयांची दारे सहज उघडत नसत. शाळा कितीही चांगली असली तरी "पुढे काय?" हे पालकांचे विचारणे खोटे नव्हते. ज्याच्या घरी एकच शहाणा व्हावयाचा, त्याने मुलाला प्रयोगात घालावे असे कोणत्या तोंडाने सांगावे? पुढे ती शाळा बंद पडली. २००५ साली त्याच आवारात 'आनंद निकेतन' ह्या नावाने तिचे पुन्हा पाऊल पडले.

मग आमच्यासारख्या शाळांनी ह्यातून काय घ्यावे? परीक्षा सोडून देण्याचे कारण नाही. पण परीक्षेबाहेरचे दार उघडे ठेवण्यास कोणाची मंजुरीही लागत नाही. विद्यार्थिमित्रहो, कापूस विकला जाईल त्या दिवशी वडिलांबरोबर जा. वजन, भाव, गाडीभाडे व हमाली मांडून हाती काय उरले ते काढा. आईपाशी बसून एका महिन्याच्या किराण्याची यादी करा, आणि घरातील प्रत्येकाच्या वाट्यास डाळ किती येते ते पाहा. पावसाळ्यात पैनगंगेच्या पाण्याची चढउतार रोज टिपा. ह्या वह्यांस गुण मिळणार नाहीत, हे खरे. परंतु पालकांस आमची विनंती आहे की, निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेबरोबर हीही वही मागून घ्यावी व ती शेजारी बसून वाचावी. आपले श्रम कोणी वाचले, एवढे कळले तरी मुलाचा हात पुढल्या पानाकडे आपण होऊन जातो.