चि. मुक्तास, पीएचडीला बसण्याआधी

मानेसर,
रविवार, १२ जानेवारी २०२५



तुझी मेल मिळाली. मल्टिकोअर आणि पॅरलल प्रोग्रॅमिंगमध्ये पीएचडी करायचं तू मनावर घेतलं आहेस आणि ताईचा जीव खालीवर होतोय, कारण कॅम्पसमधून हातात आलेली नोकरी सोडणं तिला पटत नाही. तिच्याशी मी बोलेन. पण आधी तुझ्याशी बोलायला हवं. तुझ्या मेलमध्ये संस्थांची यादी हातभर लांब आहे; तुला नेमका कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे मात्र कुठेच नाही. पाच वर्षं काढायची असतात ती एका प्रश्नासोबत. संस्थेचं नाव पहिल्या सहा महिन्यांत जुनं होतं.

विषय चांगला निवडलास, यात शंका नाही. २००४ पर्यंत प्रोसेसरचा वेग दर वर्षी वाढत होता, जुनाच प्रोग्रॅम नव्या मशीनवर आपोआप जोरात पळायचा. मग चिपची उष्णता आवरेना. त्या वर्षी मे महिन्यात इंटेलने पेंटियमची पुढची पिढी अर्ध्यात सोडून दिली आणि २००५ मध्ये दोन कोअरच्या चिपा बाजारात आल्या. तेव्हापासून वेग वाढवण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरच्या अंगावर पडली आहे. अॅमडालने १९६७ मध्येच बजावलं होतं: कामाचा दहा टक्के भाग वाटून देता येत नसेल, तर आठ कोअरवर वेग जेमतेम ४.७ पट होतो, आणि कोअर कितीही वाढवले तरी दहा पटींच्या पुढे जात नाही. हे तुला परीक्षेपुरतं पाठ आहेच. पण उंटावरून शेळ्या हाकून हा विषय कळत नाही, म्हणून एक काम सांगते.

तुझ्या लॅपटॉपवर सी मध्ये दोन थ्रेडचा प्रोग्रॅम लिही. प्रत्येक थ्रेडने फक्त आपापला काउंटर दहा कोटी वेळा वाढवायचा. दोन्ही काउंटर एकाच अॅरेत शेजारीशेजारी ठेव आणि वेळ मोज. कंपायलरने अख्खा लूपच गिळून टाकू नये म्हणून काउंटर व्होलटाइल ठेवायला विसरू नकोस. नंतर दोन काउंटरांमध्ये ६४ बाइटचं अंतर टाक आणि पुन्हा मोज. बेरीज दोन्ही वेळा तीच येईल, पण वेळेत डोळ्यात भरण्याइतका फरक पडेल. थ्रेड एकमेकांच्या काउंटरला शिवतसुद्धा नाहीत, तरी पहिल्या वेळी ते एकमेकांना अडवतात, कारण कॅश मेमरी बाइटचा नव्हे, ६४ बाइटच्या ओळीचा हिशेब ठेवते. शेजारच्याने ओळीत काही लिहिलं, की आपली प्रत बाद होते आणि ती ओळ दोन कोअरमध्ये सारखी ये-जा करत राहते. लिनक्सवर ‘पर्फ’ लावलंस तर ही ये-जा आकड्यांत दिसेल. हा प्रयोग करून तुला त्या दिवशी झोप लागली नाही, तर तू या वाटेची आहेस. ‘बरं, कळलं’ एवढंच वाटलं, तर खुशाल नोकरी धर. त्यात कमीपणा काही नाही.

आता प्रश्न कसा असतो ते सांगते. सरिता अडवे १९८७ मध्ये आयआयटी मुंबईतून बी.टेक. होऊन विस्कॉन्सिनला गेल्या आणि १९९३ मध्ये त्यांनी पीएचडी पूर्ण केली. त्यांचा प्रश्न वेगाचा नव्हता. एका कोअरने मेमरीत लिहिलेलं दुसऱ्या कोअरला कधी आणि कोणत्या क्रमाने दिसावं, हा तो प्रश्न. हार्डवेअर वेगासाठी हा क्रम मागेपुढे करतं आणि त्यात प्रोग्रॅमर फसतो. अडवे आणि त्यांचे मार्गदर्शक मार्क हिल यांनी एक करार मांडला: प्रोग्रॅममध्ये डेटा रेस, म्हणजे एकाच जागी ताळमेळाविना लिहिणं-वाचणं, ठेवू नका, मग मशीन तुम्हाला सरळ क्रमच दाखवेल. जावा आणि सी प्लस प्लस या भाषांचे मेमरीचे नियम पुढे याच कल्पनेवर उभे राहिले. आज जगभर लोक ते नियम वापरतात, त्यामागे एका विद्यार्थिनीचा प्रबंध आहे.

अडवे ज्या इलिनॉय विद्यापीठात शिकवतात, तिथेच लक्ष्मीकांत काळे यांनी चार्म प्लस प्लस ही पॅरलल प्रोग्रॅमिंगची प्रणाली घडवली. कामाचे तुकडे कोअरच्या संख्येहून कितीतरी जास्त करायचे आणि कोणता तुकडा कुठे चालवायचा हे चालू प्रोग्रॅमलाच ठरवू द्यायचं, ही त्यातली मुख्य गोष्ट. प्रथिनांच्या हालचालींचं गणित करणारं ‘नॅमडी’ त्यावर चालतं. त्या कामाला २००२ मध्ये गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला. काळे १९८५ मध्ये तिथे रुजू झाले आणि तेव्हापासून एकच धागा चिवटपणे धरून बसले आहेत. मला या चिवटपणाचं मोल पुरस्काराहून जास्त वाटतं.

तू म्हणशील, मावशी गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करते, तिला प्रबंधांचं काय पडलंय? पडलंय, कारण तुझ्यासाठी प्रश्न मला इथेच दिसतो. मानेसर म्हणजे लोकांना मारुतीचा कारखाना आणि आयकॅटचा टेस्ट ट्रॅक. पण गाडीच्या आत बघ. इंजिन किंवा ब्रेक सांभाळणाऱ्या चिपमध्ये आता तीन-तीन, सहा-सहा कोअर असतात. समज, एका कोअरवर दर दहा मिलिसेकंदांनी एक काम चालतं आणि ते चार मिलिसेकंदांत संपतं. शेजारच्या कोअरवर कुणी नवा लॉगिंगचा कोड टाकला, की तेच काम जास्त वेळ खाऊ लागतं. त्याच्या कोडची एक ओळसुद्धा बदललेली नसते; दोघांची मेमरी आणि बस मात्र एकच असते. इथे सरासरी वेगाला कुणी विचारत नाही. सगळ्यात वाईट वेळेला किती उशीर होईल, हे आधी ठामपणे सांगता आलं पाहिजे. आम्ही चाचण्या करकरून, वर थोडी मोकळी जागा सोडून निभावतो. ठाम उत्तर देणारी पद्धत अजून हवी तशी कुणाच्या हातात नाही, आणि विमानवाल्यांनाही हीच डोकेदुखी आहे. सुपरकॉम्प्युटरवर आणखी दोन टक्के वेग काढण्यापेक्षा हा प्रश्न तू घ्यावास, असं मला मनापासून वाटतं.

याच गावात राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे मेंदूच्या एमआरआय प्रतिमांवर गणिती काम चालतं आणि इंजिनिअरांनाही पीएचडीला घेतात. पण तिथे पॅरलल प्रोग्रॅमिंग हे साधन, मेंदू हा विषय. तुझं मन कशात आहे ते ओळखून मगच तिकडे बघ.

बाकी संस्थांचं थोडक्यात. बंगळूरच्या आयआयएससीत उदय बोंधुगुला आहेत. लूप आपोआप वाटून देणारं ‘प्लूटो’ हे त्यांच्या ओहायोतल्या २००८ च्या पीएचडीचं काम, ते जरूर वाच. आयआयटी मुंबईत उदय खेडकरांनी जीसीसी कंपायलरच्या अभ्यासाचं केंद्र उभं केलं. आयआयटी दिल्ली माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर, राहायचं झालं तर खोली तयार आहे. मशीनची चणचण पूर्वीसारखी नाही. सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यात परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर बांधला तेव्हाची गोष्ट वेगळी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी आणि दिल्लीच्या आययूएसी या संशोधन केंद्रात परम रुद्र सुपरकॉम्प्युटर सुरू झाले. पैशाचंही ताईला सांग: जेआरएफचे २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,०००, पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर सुरुवातच ७०,००० पासून. घर चालवायला तुटपुंजे, पण एकटीला हात पसरावे लागत नाहीत.

गेट पुढच्या महिन्यात आहे, ती नीट दे. मुलाखतीत ऑपरेटिंग सिस्टिम आणि आर्किटेक्चर खोदून विचारतात, तिथे घोकलेलं चालत नाही. मार्गदर्शकांना ‘आपल्या हाताखाली काम करायची इच्छा आहे’ अशा छापाच्या मेल सगळीकडे पाठवू नकोस. त्यांचा एक पेपर पूर्ण वाच, त्यातला आकडा आपल्या मशीनवर काढून बघ, जुळला नाही तर तसं लिही. अशा मेलला उत्तर येण्याची शक्यता खूप जास्त.

आणि प्रवेश मिळाला, तरी लगेच होकार कळवू नकोस. त्या मार्गदर्शकाच्या सध्याच्या एका आणि सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्याशी आधी फोनवर बोल. प्रबंधाला किती वर्षं लागली, मसुदा किती दिवसांत वाचून मिळतो, प्रयोग फसला की सर काय म्हणतात, हे स्पष्ट विचार. उत्तर द्यायला ते घुटमळले, तर संस्था कितीही मोठी असो, तिथे जाऊ नकोस.

तुझी,
मावशी