कॉलेजचा सर आणि लीगचा कोच

आरे-वारेच्या किनाऱ्यावर सकाळी कबड्डीचा सराव चालू असला, की गणपतीपुळ्याकडे निघालेल्या गाड्या वरच्या रस्त्यावर थांबतात. माणसं खाली उतरून बघतात आणि त्यातला कुणीतरी हमखास विचारतो, "सर, तुम्ही प्रो कबड्डीत का नाही?" त्याच्या मनातला हिशेब सरळ असतो. आधी शाळेचा कोच, मग कॉलेजचा, मग जिल्ह्याचा, राज्याचा आणि सगळ्यात वर टीव्हीवर दिसणारा लीगचा. वर पोचला तो मोठा, खाली राहिला तो कमी पडला.

मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात वर्षानुवर्षं कबड्डी शिकवली आणि मध्ये एक हंगाम एका व्यावसायिक संघाबरोबर सहायक म्हणून काढला. दोन्हीकडे मैदान तेच, १३ बाय १० मीटरचं. गडी सात, लोण तोच, बोनस तोच. काम मात्र एक नाही. एका जागी नाव काढलेला माणूस दुसऱ्या जागी अडखळतो तेव्हा त्याची अक्कल कमी झालेली नसते, त्याच्या हातात आलेलं कामच बदललेलं असतं. हे मला जसं उमगत गेलं तसं सांगतो.

१. कॉलेजात मुलगा येतो, लीगमध्ये खेळाडू येतो.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की माझी निवड सुरू होते, आणि ती निवड म्हणावी अशी नसतेच. नेवरे, मालगुंड, काळबादेवी इथली मुलं येतात. कुणाचा बाप बोटीवर खलाशी, कुणाचा कलमांच्या बागेत राखणदार. गावच्या मंडळाकडून रात्रीच्या स्पर्धांत, हॅलोजनच्या उजेडात मातीवर खेळलेली ही पोरं. छाती आहे, दम आहे, पण मॅटवर बूट घालून पाय कसा टाकायचा हे कुणी सांगितलेलं नसतं. माझ्याकडे तीन वर्षं असतात. त्यातला शिमगा पालखीचा, मे महिना आंबा काढणीचा, गणपतीचे दिवस घरचे. ते सोडून उरतं तेवढ्यात त्याला घडवायचं.

लीगचा कोच लिलावात बसतो. पैशाची मर्यादा ठरलेली असते, समोरच्याने जास्त बोली लावली की हवा होता तो गेला. ज्याला घडवलं तोही हातात राहील याचा भरवसा नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या हंगामात यू मुंबाने ३६.४० लाखांना घेतला. त्याने त्या एका हंगामात चढाईचे दोनशेच्या वर गुण केले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजून त्याला नेला. मुलाचं भलं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ज्यांनी त्याच्याभोवती संघ बांधला होता त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

२. कॉलेजात दोष काढायचा असतो, लीगमध्ये दोष झाकायचा असतो.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हाच, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

माझ्याकडे उजव्या कोपऱ्यावर खेळणारा एक मुलगा होता. हात लोखंडी, पण घाई फार. चढाईपटूने बोनससाठी पाय लांबवायला घेतला, की हा झेप टाकायचा. आता बोनस घेताना चढाईपटूचा पुढचा पाय रेषेच्या पलीकडे टेकलेला असतो आणि मागचा हवेत असतो. सगळं वजन त्या एका पायावर. घोटा धरायचा तो त्या क्षणाला. त्याच्या आधी झेप टाकली तर पाय अजून उचललेलाच असतो, हातात काही येत नाही आणि आपण मात्र आडवे पडून आयता गुण देतो.

त्या मुलाला मी ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर उभा केला. टाचेने मध्यरेषा ओढली, तिथून पावणेचार मीटरवर निदान रेषा, आणखी एक मीटर सोडून बोनस रेषा. पकडायचंच नाही, असं सांगितलं. फक्त बघायचं, आणि समोरच्याचा मागचा पाय वाळूवरून सुटला की "सुटला" असं ओरडायचं. कित्येक सकाळी त्याने दुसरं काही केलं नाही. ओल्या वाळूवर टाचेचा ठसा उमटतो, त्यामुळे तो लवकर ओरडला की उशिरा हे त्याचं त्यालाच दिसायचं. पोरं कंटाळली, त्याच्या घरून निरोप आला की सर ह्याला खेळवत का नाहीत. दिवाळीनंतर त्याला पकडीची परवानगी दिली तेव्हा त्याचे हात आपोआप थांबायला शिकले होते. त्या वर्षी आमचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेत लवकर बाहेर पडला. पुढच्या वर्षी तो कोपरा सगळ्यांना जड गेला.

व्यावसायिक संघात मला अगदी असाच एक कोपरारक्षक भेटला. तीच घाई, तीच आधीची झेप. मी मुख्य प्रशिक्षकांना म्हटलं, याला महिनाभर द्या, सवय सुटेल. ते शांतपणे म्हणाले, महिन्याभरात आपले दहा सामने होतील. त्यांनी त्या मुलाला एक शब्दही सांगितला नाही. त्याच्या शेजारच्या कव्हरला अर्धं पाऊल मागे उभं केलं. कोपऱ्याची झेप चुकली की चढाईपटू आत वळतो, आणि तो वळतो तिथे आता कव्हर तयार होता. शिवाय बोनस खेळणारे चढाईपटू समोर असतील त्या सामन्यात कोपराच बदलायचा. दोष होता तिथेच राहिला, पण त्याची किंमत कमी झाली.

मला सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. नंतर पटलं. २५ वर्षांचा, घर चालवणारा खेळाडू हंगामाच्या मध्यावर मुळापासून बदलायला घेतला तर तो ना जुना राहतो ना नवा होतो. उलट माझ्या १८ वर्षांच्या पोराचा दोष मी असा झाकला असता, तर मी एक सामना जिंकलो असतो आणि त्याची पुढची दहा वर्षं घालवली असती.

३. सरांचा शब्द चालतो तो नात्यावर, कोचचा शब्द चालतो तो उपयोगावर.

कॉलेजातल्या पोराला मी चारचौघांत झापू शकतो. त्याची आई मला ओळखते, त्याची फी थकली तर मी ऑफिसात जाऊन बोलतो, हे त्याला माहीत असतं. लीगमधला हरयाणाचा खेळाडू अदबीने "कोच साब" म्हणतो, पण मनात एकच प्रश्न धरून ऐकतो: आज रात्रीच्या सामन्यात याचा मला उपयोग काय? त्यात उद्धटपणा नाही. त्याची कमाईची वर्षं मोजकी आहेत आणि गुडघा एकदा गेला की सगळं संपतं.

या बाबतीत क्रिकेटमधल्या चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द प्रत्येक प्रशिक्षकाने अभ्यासावी. मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. मग ज्या विदर्भाने तो कधी उचलला नव्हता त्याला २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षं. मग मध्य प्रदेश. १९९८-९९ मध्ये याच संघाचे कर्णधार म्हणून ते बंगळुरूत अंतिम सामना हरले होते. २०२२ च्या जूनमध्ये त्याच शहरात, मुंबईला हरवून, त्यांनी मध्य प्रदेशला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. त्यांची शिस्त कडक, आणि ती शिस्त तिथल्या मुलांनी मानली, कारण शिबिरं, सराव, सामने असा त्यांचा सहवास लांबलचक होता आणि त्या मुलांना वर जायची भूक होती.

२०२३ पासून ते आयपीएलमध्ये कोलकाता नाईट रायडर्सकडे होते. पहिल्या वर्षी संघ सातवा. त्यांची कडक पद्धत परदेशी खेळाडूंच्या पचनी पडली नाही, असं त्या संघाकडून खेळलेल्या डेव्हिड वीझने नंतर जाहीरपणे सांगितलं. २०२४ मध्ये गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून आला आणि संघ विजेता झाला. २०२५ मध्ये आठवा आला, आणि पंडित तिथून बाहेर पडले. याच्यावरून पंडित आयपीएलला कमी पडले असा निकाल देणं मला अन्यायाचं वाटतं. जगभरच्या लीग खेळून आलेला खेळाडू दोन महिन्यांसाठी येतो. शिस्तीचं फळ दिसायला जो वेळ लागतो, तो तिथे कुणाकडेच नसतो.

४. वर न जाणं म्हणजे मागे राहणं नव्हे.

पंडितांचे गुरू रमाकांत आचरेकर, मूळचे आपल्या मालवणचे. प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. भारतीय संघाचे प्रशिक्षक कधी नव्हते. शिवाजी पार्कवर शाळकरी मुलांना शिकवण्यात आयुष्य घातलं आणि तेंडुलकर, कांबळी, अमरे, आगरकर घडवले. यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचं, सचिनला बाद करेल त्याचं, कुणीच करू शकला नाही तर सचिनचं. सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचं. हे उपाय १३ वर्षांच्या मुलाला लागू पडतात. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. टीव्हीवर ते फारसे दिसले नाहीत, म्हणून त्यांचं काम कुणी लहान म्हणेल का?

५. निवडीचा हक्क गेला की अर्धी विद्या गेली.

अमेरिकेत हातात चेंडू घेऊन पळायचा जो फुटबॉल आहे, त्यात हा प्रश्न उघड दिसतो. तिथला निक सेबन हा कॉलेज फुटबॉलमधला मोठा प्रशिक्षक: लुइझियानाच्या संघाबरोबर २००३ चं आणि पुढे अलाबामाबरोबर सहा राष्ट्रीय विजेतेपदं. मधली दोन वर्षं, २००५ आणि २००६, तो मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाकडे होता. ३२ सामन्यांत १५ विजय, १७ पराभव. कॉलेजात तो शाळकरी खेळाडूंच्या घरी जाऊन, आई-बापांशी बोलून देशातली उत्तम पोरं आणायचा. व्यावसायिक लीगमध्ये सगळ्यात खाली राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंत पहिली निवड मिळते आणि पगारावर मर्यादा असते, म्हणजे सगळे संघ सारखे राहावेत अशीच व्यवस्था. तिथे एक निवड चुकली की भरून काढता येत नाही. २००६ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झालेला ड्रू ब्रीझ मोकळा होता. मायामीने त्याच्याऐवजी दुसरा घेतला, आणि ब्रीझने पुढे न्यू ऑर्लिन्सला विजेतेपद मिळवून दिलं.

पीट कॅरोलचं उलट. व्यावसायिक संघांनी त्याला दोनदा काढलं, मग त्याने कॉलेजात नाव काढलं आणि २०१४ च्या फेब्रुवारीत सिअॅटलबरोबर सुपर बोलही जिंकला. दोन्ही कामं जमणारी माणसं असतात, पण विरळा.

६. हरण्याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा.

कॉलेजात हरलो की परतीच्या एसटीत मी मुलांशी बोलतो आणि पुढच्या आठवड्याचा सराव ठरतो. लीगमध्ये हरल्यावर रात्री चित्रफीत, सकाळी फिजिओ, दुपारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास. हळहळायला वेळ नसतो.

७. कॉलेजची रीत लीगमध्येही चालते, पण मालकाने वर्षं द्यायला हवीत.

प्रो कबड्डीतली पुणेरी पलटण हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण. २०१९ मध्ये अनुप कुमारसारखा मोठा कर्णधार प्रशिक्षक होता, तरी संघ दहावा आला. पण व्यवस्थापनाने नावाजलेले खेळाडू गोळा करायच्या मागे न लागता आपली तरुण पोरं घडवायची वाट धरली. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही मुलं पुढे आली. बी. सी. रमेश आले तेव्हा ती एकमेकांना ओळखत होती. रमेश यांनी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिलं होतं, म्हणजे लीगचं काम त्यांना पुरतं ठाऊक होतं. २०२२ मध्ये पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली, आणि १ मार्च २०२४ ला हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून जिंकली. कर्णधार अस्लम. अनुपच्या काळात पेरलेलं रमेश यांच्या काळात उगवलं, आणि माझ्या लेखी त्या विजयात दोघांचा वाटा आहे.

८. जायचं असेल तर आधी विचारून घ्यावं.

माझा एक जुना विद्यार्थी आता दुसऱ्या तालुक्यात कॉलेजात शिकवतो. त्याला मध्यंतरी एका व्यावसायिक संघाकडून सहायक म्हणून बोलावणं आलं. "सर, जाऊ का?" म्हणून तो आरेला घरी आला. मी म्हटलं, जरूर जा, चित्रफिती कशा वाचतात, खेळाडूला विश्रांती कधी देतात, हे तिथेच शिकायला मिळेल. पण तीन गोष्टी आधी विचार. लिलावात खेळाडू कोण निवडतं, कोच की मालक? सुरुवातीचे सात कोण ठरवतं? आणि करार किती वर्षांचा?

त्याने विचारलं. लिलावात कोचचं मत घेतात पण शेवटचा शब्द मालकांचा, सात जण कोच ठरवतो, करार एका वर्षाचा. तो कॉलेजातून बिनपगारी रजा काढून गेला आहे. त्याची मुलं सध्या रविवारी माझ्याकडे सरावाला येतात.